साक्षीला उभे राहणारे महादेवभाऊ

खोलीत शिरण्याआधी महादेव सोनकुसरे चपला काढत. मग सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर उलटवून दाखवत, दोन्ही तळहात दारातल्या माणसांपुढे धरत आणि आत जात. आत एक बॉक्सर काचेची बाटली घेऊन उभा असे. तो नुकताच जिंकलेला असे, अंगावर घाम असे, आणि त्याला लाज वाटत असे. महादेवभाऊ त्याच्या बाजूला हातभर अंतरावर उभे राहत आणि ठरलेले वाक्य म्हणत, "लाजू नको गा. मी तुले नाही पाहून राहिलो. धारेले पाहून राहिलो."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात पैशाच्या बॉक्सिंग लढती होत असत. थंडी सुरू झाली की सक्करदऱ्याच्या मोकळ्या जागेवर तंबू लागायचा, तिकिटे विकली जायची, आणि कामठी, उमरेड, जबलपूर, बिलासपूर इथून बॉक्सर यायचे. शहरातल्या एका मिलचे मालक या लढतींचे आश्रयदाते होते. या तंबूत एकदा जबलपूरकडचा एक तरुण लढत जिंकून आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला तो पुन्हा उठला नाही. त्याच्या पँटच्या खिशात पांढऱ्या गोळ्यांची पुडी सापडली. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी आणि लांबच्या फेरीवर निघालेले ट्रक ड्रायव्हर जागे राहण्यासाठी त्याच गोळ्या घेत. औषधाच्या दुकानात त्या मागितल्या की मिळत. रिंगजवळ बसणाऱ्या डॉ. मुळे यांनी आयोजक मंडळाला सांगितले, "यापुढे जिंकणाऱ्याची लघवी तपासायची. नाही तर दुसरा डॉक्टर बघा." डॉक्टरशिवाय तंबूला परवानगी मिळत नव्हती. मंडळाने मान्य केले.

बाटली आणणे सोपे होते. ती बर्फाच्या डब्यात घालून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवणेही जमले. अडचण वेगळीच निघाली. बाटलीत उतरते ते त्याच माणसाचे आहे हे कोणी पाहायचे? लढणाऱ्या एका गटाचा माणूस दुसऱ्या गटाला चालेना. डॉक्टरांनी नकार दिला. मंडळाचे सभासद प्रतिष्ठित होते, त्यांना ते काम शोभणारे वाटेना. शेवटी दोन्ही गटांच्या उस्तादांना, म्हणजे बॉक्सर तयार करणाऱ्यांना, वेगवेगळे विचारण्यात आले आणि दोघांनीही एकच नाव सांगितले. महादेवभाऊ चालतील.

त्यासाठी एक नियम करण्यात आला. खोलीचे दार अर्धे उघडे राहील. बाहेर उभ्या असलेल्या विरुद्ध गटाच्या माणसाला बॉक्सर दिसणार नाही, साक्षीदाराचा चेहरा मात्र दिसेल. साक्षीदाराची नजर हलली की हरकत घेता येईल. वार्ताहर म्हणून मी त्या दाराबाहेर बऱ्याच वेळा उभा राहिलो आहे. महादेवभाऊंची नजर हललेली मी पाहिली नाही.

ते उंचीने बेताचे, खांद्याने रुंद आणि मानेने आखूड होते. नाकाचे हाड बसलेले होते. डाव्या हाताची बोटे पूर्ण मिटत नसत, त्यामुळे ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. घराणे विणकरांचे. वडिलांचे दोन माग होते आणि महादेवभाऊ लहानपणापासून मागावर बसलेले. साठच्या दशकात तेही पैशासाठी लढत. एका लढतीआधी त्यांच्या उस्तादाने दोन गोळ्या चहाबरोबर दिल्या. लढतीच्या मध्यावर डाव्या हाताची हाडे मोडली आणि त्यांना ते कळलेच नाही. ते त्याच हाताने शेवटपर्यंत ठोसे मारत राहिले, जिंकले, मिरवणुकीने घरी गेले. सकाळी हात कोपरापर्यंत सुजला होता. तो हात पुन्हा ना ग्लोव्हजमध्ये गेला ना मागावर बसला. पुढे त्यांनी इतवारीतल्या एका सुताच्या दुकानात रखवालदारी धरली आणि ती शेवटपर्यंत केली.

गोळीबद्दल ते नेहमी तीच गोष्ट सांगत. "गोळी ताकद नाही देत गा. दुखनं लपवते. अन् लपवलेलं दुखनं घरचा रस्ता विसरत नाही." एखादा बॉक्सर शपथा घेऊ लागला की ते त्याला मध्येच थांबवत. "तोंडाले खोटं बोलता येते. मुताले नाही येत. जाय, बाटली घे."

लढतीनंतर बॉक्सरच्या अंगात पाणी उरत नाही. वजन बसवण्यासाठी आधीचे दोन-तीन दिवस तो जेमतेम पाणी प्यालेला असतो. त्यामुळे लघवी होता होत नाही आणि कधी कधी तासन् तास वाट पाहावी लागते. महादेवभाऊ घाई करत नसत. नळ थोडा सोडून ठेवत, बॉक्सरला स्टूल देत, पाण्याचा तांब्या पुढे करत. आधी तांब्यातले दोन घोट स्वतः घेत, मग त्याला देत. त्याचे घर, शेत, बहिणीचे लग्न अशा गोष्टी विचारत. कामठीचा एक जण तर असा खुलला की लघवी झाल्यावरही बाहेर यायला तयार नव्हता. महादेवभाऊंनी त्याला दंडाला धरून बाहेर आणले. "जाय बे घरी. माय भाकर करून बसली असन."

एका वर्षी बिलासपूरचा एक बॉक्सर आत गेला आणि वेळ न लावता बाटली भरून मोकळा झाला. बाहेरच्यांना वाटले, काम झाले. महादेवभाऊंनी बाटली हातात घेतली नाही.

"लुंगी सोड," ते म्हणाले.

"क्यूँ भाई?"

"मानसाची धार आधी अडते, मंग चालते, मंग थेंब थेंब येते. तुही नळावानी सुरू झाली अन् नळावानी बंद झाली. सोड."

लुंगीखाली पोटाला बांधलेला फुटबॉलचा ब्लॅडर निघाला. रबरी नळी त्याने खालपर्यंत आणली होती. ब्लॅडर कोमट राहावा म्हणून त्यावर फ्लॅनेलचा तुकडा गुंडाळला होता. बाहेर लोक हसले. महादेवभाऊ हसले नाहीत. त्यांनी त्याला विचारले, "हे दुसऱ्याचं पोटाले बांधून तू लढला? एखादा ठोसा ह्याच्यावर बसला असता तं?" बिलासपूरच्या बॉक्सरने सांगितले की लढतीच्या वेळी ब्लॅडर बॅगेत होता. "मंग ठीक हाय," महादेवभाऊ म्हणाले आणि डॉक्टरांना हाक मारली. त्या बॉक्सरवर दोन वर्षांची बंदी आली.

महादेवभाऊंनी लग्न केले नाही. धाकटी बहीण सुभद्रा हेच त्यांचे घर. ती सक्करदऱ्याला राहायची. नवरा लवकर गेला. मागाचे काम बसत चालले होते, तरी तिने एक माग चालू ठेवला होता. तिचा एकुलता एक मुलगा रमेश. आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, भाच्याला कधी पाया पडू देत नाही. महादेवभाऊ हा रिवाज कसोशीने पाळत. रमेश शाळेत जायचा तेव्हाही घरी गेल्यावर आधी वाकून त्याच्या पायांना हात लावत, मग बसत. रमेश पुढे बॉक्सर झाला. तंबूत येताना तो पुढे आणि मामा मागे असे, आणि रिंगमध्ये चढण्याआधी मामा सगळ्यांदेखत त्याच्या पाया पडत. जबलपूरच्या लोकांना ते समजत नसे. "चेले के पैर उस्ताद छू रहा है," असे म्हणून ते हसत. रमेशचे उस्ताद मात्र दुसरेच होते. दौलत उस्ताद नावाने ते शहरात माहीत होते. महादेवभाऊंनी भाच्याला एकही ठोसा शिकवला नाही. "मामानं भाच्याले मारायचं कसं?" एवढेच त्यांचे कारण होते.

ज्या वर्षीची ही हकिकत आहे, त्या वर्षी मिलमालकांनी जाहीर केले की मधल्या वजनगटाची अंतिम लढत जो जिंकेल त्याला मिलच्या सुरक्षा विभागात कायम नोकरी मिळेल. अट एकच होती. मुंबईचा अहवाल स्वच्छ आला पाहिजे. सुभद्राबाईंचा माग त्या दिवाळीआधीच बंद पडला होता. रमेश अंतिम लढतीत पोचला. समोर उमरेडचा जनार्दन मेश्राम होता. तोही बेकार होता आणि त्याच्याही घरी म्हातारी आई होती.

लढतीच्या सकाळी महादेवभाऊ मंडळाच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, "आज मले मोकळं करा. पोट्टा माह्या बहिनीचा हाय." मंडळाने जनार्दनच्या उस्तादाला बोलावले. तो उमरेडचा वयस्क माणूस होता. हकिकत ऐकून त्याने मान हलवली. "महादेवभाऊ, तुमी नसान तं आमी रिंगात उतरत नाही. दुसऱ्या कोनाचा भरवसा नाही आमाले." मंडळाला लढत हवी होती, तिकिटे गेली होती. डॉ. मुळे यांनी हरकत घेतली, पण ज्याची फसवणूक होऊ शकते तोच हा साक्षीदार मागतो आहे म्हटल्यावर त्यांचे कोणी ऐकले नाही. महादेवभाऊ "तुमची मर्जी," म्हणाले आणि तंबूकडे गेले.

लढत दुपारी झाली. पहिल्या दोन फेऱ्या जनार्दनच्या होत्या. तो चेहऱ्यावर मारत नव्हता. रमेशच्या बरगड्यांखाली, मागच्या बाजूला, कमरेच्या वर तो पुन्हा पुन्हा मारत होता. तिथे मारायला बंदी असते, म्हणून पंचाने त्याला दोनदा ताकीद दिली. असे ठोसे बसले की बॉक्सर वाकतो, कोपर खाली आणतो. रमेश वाकत नव्हता. तो हसत पुढे येत होता. तिसऱ्या फेरीपासून त्याचा वेग वाढला. प्रेक्षक उभे राहिले. सुभद्राबाई बायकांच्या बाजूला पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

महादेवभाऊ रिंगच्या दोराला लागून उभे होते. मी त्यांच्या शेजारी होतो. एका फेरीच्या शेवटी रमेश आपल्या कोपऱ्यात परतला तेव्हा त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. रमेश जीभ ओठांवरून फिरवत होता, ओठ कोरडे होते आणि भर उजेडात त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या झाल्या होत्या.

"घेतली त्यानं," महादेवभाऊ म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

पुढच्या फेरीत रमेशचा उजवा ठोसा जनार्दनच्या हनुवटीवर बसला. जनार्दन पडला. उठला, पण पंचाने दोन्ही हात हलवून लढत थांबवली. तंबूत एकच कल्ला झाला. दौलत उस्तादांनी रमेशला खांद्यावर घेतले. सुभद्राबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या, त्यांना भोवळ यायचीच बाकी होती. महादेवभाऊ रिंगच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. बिलासपूरच्या प्रकरणानंतर केलेल्या नियमाप्रमाणे बॉक्सर रिंगमधून उतरल्यापासून बाटली बंद होईपर्यंत साक्षीदाराने त्याला सोडायचे नसते.

तंबूमागे मंडळाने एका बंद शाळेची खोली घेतली होती. रमेश आत गेला. महादेवभाऊंनी चपला काढल्या, खिसे उलटवले, तळहात दाखवले. दाराबाहेर जनार्दनचा उस्ताद, मी, डॉ. मुळे आणि दौलत उस्ताद होतो. दार अर्धे उघडे राहिले.

रमेशला लघवी होईना. नळ सोडला, तांब्याभर पाणी झाले, दुसरा तांब्या झाला. तो खोलीत येरझारा घालू लागला, त्याचा आवाज येत होता. तो सारखा बोलत होता. लढत, जनार्दन, नोकरी, माय, पुन्हा लढत. महादेवभाऊ "हव, हव" म्हणत होते. या वेळी त्यांनी घरच्या गोष्टी काढल्या नाहीत. बाहेर जनार्दनचा उस्ताद भिंतीला टेकून बसला. उन्हे उतरू लागली.

दौलत उस्ताद दाराजवळ गेले. आवाज खाली आणून, पण आम्हाला ऐकू येईल इतपत, ते म्हणाले, "महादेवभाऊ, एक सांगू? भाच्याले उघडा पाह्यनारा मामा मी तं पाह्यला नाही. तुमी जरासं तोंड तिकडे केलं तं कोन काय म्हनन? रिवाजच हाय तो."

डॉ. मुळे यांनी माझ्याकडे पाहिले. दौलत उस्तादांच्या धोतराच्या सोग्यात पिवळसर पाण्याने भरलेली एक छोटी बाटली होती आणि ती लपवण्याची त्यांनी फार काळजी घेतली नव्हती. जनार्दनच्या उस्तादानेही ती पाहिली असावी. तो म्हणाला, "आमचा भरवसा महादेवभाऊवर हाय. ते जे करतीन ते आमाले कबूल." हे त्याने मनापासून म्हटले होते. त्यामुळे प्रकरण आणखी अवघड झाले.

तेवढ्यात सुभद्राबाई आल्या. दौलत उस्तादांनी त्यांना बोलावणे पाठवले होते आणि वाटेत काय सांगायचे ते सांगितले होते, हे उघड दिसत होते. त्या दारात उभ्या राहिल्या.

"दादा."

"तू काहून आली वं इथं?"

"दादा, पोट्ट्याच्या पाया पडते तू. त्याले असा पाहशीन? पाप लागन."

"सुभे, बाहेर जाय."

"एक डाव तोंड फिरव. एवढंच मागून राहिली मी. माग बंद हाय दादा. घरात काय शिजते ते तुले ठाव हाय. जलमात तुले काई मांगतलं का मी?"

"नाही मांगतलं."

"मंग?"

महादेवभाऊंचा चेहरा आम्हाला दिसत होता. घाम होता, आणि जबडा आत ओढल्यासारखा झाला होता. सुभद्राबाई मग पायरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसल्या.

आत रमेश म्हणाला, "मामा, आता होईन वाटते."

महादेवभाऊ दाराच्या चौकटीतून दिसेनासे झाले. जनार्दनचा उस्ताद झटकन उठला, हरकत घेण्यासाठी त्याने तोंडही उघडले. मग त्याच्या लक्षात आले. महादेवभाऊ खाली वाकले होते. त्यांनी भाच्याच्या दोन्ही पायांना हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि ते पुन्हा उभे राहिले. चेहरा पुन्हा चौकटीत आला.

"मामा, तुमी तिकडे पाहा ना." रमेशचा आवाज लहान मुलासारखा येत होता.

"लाजू नको गा," महादेवभाऊ म्हणाले. "मी तुले नाही पाहून राहिलो. धारेले पाहून राहिलो."

दौलत उस्तादांनी शिवी घातली आणि ते बाजूला झाले.

महादेवभाऊंची नजर खाली होती आणि स्थिर होती. मग त्यांचे डोळे मोठे झाले. आणि त्यांनी मोठ्याने हाक मारली, "डॉक्टर! आत या!"

बाटलीत काळसर लाल रंग उतरत होता. रमेश बाटलीकडे पाहून हसत होता. "हे काय हो मामा?" तो म्हणाला. दुखते का, असे डॉक्टरांनी विचारले. "काईच नाही दुखत," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याची कमर दाबून पाहिली, पाठीमागची एक बाजू फुगून कडक झाली होती. तरीही तो "काईच नाही" म्हणत होता. त्यांनी त्याला जमिनीवर आडवे केले आणि ओरडून सांगितले, "गाडी आणा. मेडिकल कॉलेजला न्यायचंय. आत्ता."

पुढच्या काही मिनिटांत जे घडले त्यासाठीच हे व्यक्तिचित्र लिहिले आहे. दौलत उस्ताद आत धावले. "जाऊ द्या ती बाटली," ते म्हणाले. "पोरगा मरून राहिला, बाटली काय करता?" डॉ. मुळे यांनीही बाटलीकडे पाहिले नाही. "नमुन्याचं नंतर बघू," ते म्हणाले, "आधी ह्याला उचला." कोणती गोळी दिली ते त्यांनी दौलत उस्तादांना दरडावून विचारले, आणि त्यांनी सांगूनही टाकले. म्हणजे उपचारासाठी आता बाटलीची गरज नव्हती. जनार्दनचा उस्ताद दारात आला. जिच्यावर जनार्दनची नोकरी अवलंबून होती ती बाटली समोर होती. तो हात जोडून म्हणाला, "राहू द्या, महादेवभाऊ. आमची काई हरकत नाही. पोराकडे पाहा."

"पोराले तुमी उचला," महादेवभाऊ म्हणाले. "मी येतो मागून."

त्यांनी बाटलीला बूच लावले. बुचावर कापड बांधले. न मिटणाऱ्या डाव्या हाताने बाटली छातीशी धरून उजव्या हाताने दोरा गुंडाळला, गाठ दातांनी ओढली. मेणबत्तीवर लाख धरली. लाख वितळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात चौघांनी रमेशला त्यांच्या समोरून उचलून नेले. सुभद्राबाई आक्रोश करत बरोबर गेल्या. जाताना त्यांनी भावाकडे, त्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहिले. लाखेचे थेंब गाठीवर पडले, त्यावर मंडळाचा शिक्का उमटला. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून झाल्यावर महादेवभाऊ अनवाणीच रस्त्याने धावत गेले.

रमेश वाचला. एक मूत्रपिंड फाटले होते, ते काढावे लागले. गोळीमुळे त्याला वेदना कळत नव्हती. तो घरी जाऊन निजला असता तर सकाळ पाहू शकला नसता, असे मेडिकल कॉलेजच्या सर्जनने सांगितले. काही आठवड्यांनी मुंबईचा अहवाल आला. लघवीत उत्तेजक द्रव्य सापडले होते. मंडळाने निकाल फिरवला. दौलत उस्तादांना तंबूची दारे बंद झाली. जनार्दन मेश्राम मिलमध्ये रुजू झाला.

मी महादेवभाऊंना सुताच्या दुकानात जाऊन विचारले. बातमीसाठी विचारले, असे म्हणता येईल. बाटली कोणी मागत नव्हते. विरोधकानेही सोडली होती. मग का बांधली?

"ज्यायच्या बाटल्या मी आधी बांधल्या," ते म्हणाले, "त्यायलेही माय होती." आणि थोड्या वेळाने, "हे छापू नका."

मी छापले नाही. आता लिहितो आहे, कारण आता कोणाला त्याचा उपयोग किंवा त्रास नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत सुभद्राबाईंनी भावाला दारात उभे केले नाही. भाऊबीजेला ते नेहमीप्रमाणे गेले. जावे की नाही हे त्यांनी दोन दिवस आधी मलाही विचारले होते. दार उघडे होते. पाट मांडला होता. सुभद्राबाईंनी त्यांना ओवाळले, कपाळाला कुंकू लावले, ताट वाढले. मग म्हणाल्या, "पोराले जीव देल्ला म्हनून ओवाळते. पोराची भाकर नेली म्हनून बोलनार नाही." आणि त्या आत निघून गेल्या. हे महादेवभाऊंनीच मला सांगितले. सांगताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "न्याय बराबर केला तिनं," ते म्हणाले. "मले आणखी काय पायजे?"

सुभद्राबाईंनी शब्द पाळला. दरवर्षी भाऊबीजेला पाट मांडत, ओवाळत, वाढत. एक शब्द बोलत नसत. काही सांगायचे असले तर रमेशकरवी सांगत. महादेवभाऊ त्याच खोलीत असले तरी, "मामाले विचार, भात वाढू का?" असे. रमेश ऑटो चालवू लागला, त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. मामा त्याच्या पाया पडत राहिले. तो आता मामाला अडवू लागला होता. "राहू द्या ना मामा," तो म्हणे. ते ऐकत नसत.

दरम्यान मिल बंद पडली. जनार्दन मेश्रामची कायम नोकरीही गेली. तो उमरेडला परत गेला. तंबू लागणेही थांबले. ज्या नोकरीवरून भावा-बहिणीत अबोला झाला ती आता जगात कोणाकडेच नव्हती. अबोला मात्र होता तिथेच होता. हे मी एकदा महादेवभाऊंना बोलून दाखवले. ते म्हणाले, "तुमाले हिशेब वाटते का तो? ती माही बहीन हाय गा."

ऐंशीचे दशक संपत असताना, एका उन्हाळ्यात, ते दुकानाच्या ओट्यावर बसल्या बसल्या गेले. रमेशने त्यांना आपल्या ऑटोतून सक्करदऱ्याला आपल्या घरी आणले. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. बायका एका बाजूला होत्या. सुभद्राबाई भावाच्या उशाशी बसल्या होत्या आणि बोलत होत्या.

त्या रडत नव्हत्या. नेहमीच्या आवाजात, थांबत थांबत बोलत होत्या. रमेशच्या पोरीला दात आले ते सांगत होत्या. समोरच्या घरच्या लग्नात भांडण कशावरून झाले ते. नळाला पाणी सकाळऐवजी दुपारी येऊ लागले ते. मागच्या भाऊबीजेला भाजीत मीठ जास्त पडले होते, ते त्यांना वाढल्यावर कळले, पण तेव्हा सांगायचे कसे, ते. शेजारच्या एका बाईने तिरडीची तयारी झाली म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रमेशने तिला मानेनेच थांबवले.

"अन् ऐक ना दादा," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि पुढचे सांगू लागल्या. माणसे उन्हात उभी राहिली. कोणी घाई केली नाही.